महोत्सव दूर, आपण घरी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात विचारलं होतं की मोठे संगीत महोत्सव घरी बसून टीव्हीवर बघताना तुम्हाला काय काय अडचणी येतात, तर गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळीकडून पत्रं आली, बरीचशी व्हॉट्सअ‍ॅपवर आणि काही चक्क पोस्टकार्डावर. सगळी छापणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळून फक्त गाव ठेवलंय. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला रजा मिळत नाही, कुणाच्या घरी अंथरुणावरचं माणूस आहे, अशा लोकांना टीव्हीवरच्या महोत्सवाचा केवढा आधार वाटतो ते ही पत्रं वाचताना जाणवत राहिलं.

प्रश्न (फोंडा) : माझे सासरे म्हणतात गाणं समोर बसून ऐकलं तरच ते गाणं, टीव्हीवर बघणं म्हणजे नुसती करमणूक. मला लहान मुलं सोडून पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला जाता येत नाही, मी मिळेल ते घरीच ऐकते. मग याला ऐकणं म्हणायचंच नाही का?

ताई, म्हणायचं, अगदी बिनदिक्कत म्हणायचं. तुम्ही फोंड्याच्या, केरी तुमच्या तालुक्यातलंच गाव, तर तिथल्याच गायिका केसरबाई केरकरांचं उदाहरण घ्या ना. त्या 1977 साली गेल्या. आज त्यांचं गाणं समोर बसून ऐकलेली माणसं किती उरली असतील? आपण सगळे त्यांना ओळखतो ते जेमतेम साडेतीन मिनिटांच्या जुन्या रेकॉर्डींवरून, आणि त्यातलीच एक भैरवी 1977 मध्येच व्हॉयेजर यानावरच्या सोन्याच्या तबकडीतून अंतराळात गेली. यंत्रातून आलेलं गाणं हे गाणंच नाही असं म्हटलं तर आपल्या हातात केसरबाई उरतच नाहीत. आणि आकाशवाणीने 1952 मध्ये शनिवारच्या रात्रीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू केला, 1954 पासून संगीत संमेलन सुरू केलं, त्यावर देशभरातल्या किती घरांत कान तयार झाले. रेडिओसमोर बसणाऱ्या त्या लोकांना कुणी सांगितलं नाही की तुम्ही ऐकत नाही म्हणून.

पण सासऱ्यांच्या बोलण्यात तथ्य आहे आणि ते सोडून देऊ नका. समोर बसल्यावर गवई श्रोत्यांकडे बघून गातो, एखाद्या जागेला दाद आली की तीच जागा वेगळ्या अंगाने परत घेतो, ही देवाणघेवाण टीव्हीवरून होत नाही. दुसरं म्हणजे सभागृहात तुम्हाला उठता येत नाही, शेजारी चारजण बसलेत, मधे उठलं तर बरं दिसत नाही, म्हणून बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतलं लांब गाणं, पूर्ण ऐकला जातो. घरी कुणीच धरून ठेवत नाही. कुकरची शिट्टी होते, दारावर पाववाला पोदेर येतो, मोबाईल वाजतो आणि विलंबितातल्या पहिल्या दहा मिनिटांतच आपण उठतो, परत येतो तोवर द्रुत, म्हणजे जलद भाग, सुरू झालेलं असतं आणि मग वाटतं की छान होतं हं गाणं. ते अर्धंमुर्धंच ऐकलेलं असतं. रागाची बढत, म्हणजे तो हळूहळू कसा उलगडतो ते, ज्याने ऐकली नाही त्याला शेवटच्या तानेची किंमत कळत नाही, मी या मताची आहे आणि यात मला तडजोड नको वाटते.

म्हणून माझं सांगणं एवढंच की घरी बैठक आपण घालायची. सगळा महोत्सव बघायचा हट्ट सोडा, एका दिवसातला एकच कलाकार निवडा, त्याची वेळ घरात आधी सांगून ठेवा, त्या वेळेत मुलांकडे नवऱ्याने बघावं नाहीतर सासऱ्यांनीच बघावं (त्यांना गाणं आवडतं तर ते शेजारी येऊन बसतीलच), मोबाईल दुसऱ्या खोलीत, खाणं आधी नाहीतर नंतर. सोफ्यावर लवंडू नका, खाली चटईवर बसा, पाठ ताठ राहिली की कानही जागे राहतात. आणि कुणीतरी सोबत असू द्या, एकट्याने ऐकताना दाद आतल्या आत जिरून जाते, दोघं असली की "अरे वा" तोंडातून निघतं.

सवाईबद्दल सासऱ्यांना आठवत असेलच. भीमसेनजींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ 1953 मध्ये हा महोत्सव सुरू केला, आणि कित्येक वर्षं तो रात्र रात्र चालायचा, पहाटेचे राग पहाटेच ऐकायला मिळायचे. रात्री दहानंतरच्या लाउडस्पीकरच्या बंधनामुळे आता ते राहिलं नाही, दुपारपासून सुरू करून रात्री आटोपावं लागतं. म्हणजे मांडवात बसूनही ललत किंवा भटियार त्यांच्या वेळेला ऐकणं अवघड झालंय. घरी मात्र जुनं रेकॉर्डिंग पहाटे पाचला हळू आवाजात लावायला तुम्हाला कोण अडवणार? मुलं उठायच्या आधीचा तो तास तुमचा. करून बघा आणि सासऱ्यांनाही उठवा.

प्रश्न (मडगाव) : मुलगा शिकायला इंग्लंडला आहे, तो मित्रांबरोबर ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवाला जातो. तो तिथे असताना आम्हाला इथे टीव्हीवर लाइव्ह बघता येईल का? अ‍ॅप उघडलं तर तुमच्या देशात उपलब्ध नाही असं येतं.

दादा, ते अ‍ॅप बीबीसीचं आहे आणि ते फक्त ब्रिटनमधल्या लोकांसाठीच आहे, तिथले लोक टीव्हीची लायसन्स फी भरतात त्यावर ते चालतं. व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवणारं अ‍ॅप) लावून बघ असं कुणीतरी तुम्हाला सांगेलच, पण ते त्यांच्या नियमात बसत नाही आणि फुकटच्या व्हीपीएनमधून तुमच्या फोनातली माहिती कुठे जाईल त्याचा भरवसा नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. निवडक गाणी नंतर बीबीसीच्या युट्यूब चॅनलवर येतात, ती निवांत बघा.

लाइव्ह मिळालं असतं तरी वेळेचं गणित बघून ठेवा. जूनमध्ये तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, मुख्य स्टेजवरचा शेवटचा मोठा कलाकार तिथे रात्री दहाच्या आसपास येतो म्हणजे आपल्याकडे पहाटेचे अडीच. आणि जूनचा शेवट म्हणजे गोव्यात सांजाव नुकता झालेला, पाऊस भरात, वीज कधी जाईल सांगता येत नाही. मुलाला सांगा की रोज सकाळी उठल्यावर एक व्हिडिओ पाठव, आजूबाजूच्या आवाजासकट, तुम्हाला त्यातून त्या जागेची जास्त कल्पना येईल.

ती जागा माहीत करून घेण्यासारखी आहे म्हणून थोडं सांगते. सॉमरसेटमधल्या पिल्टन गावाजवळ मायकल ईव्हिस यांची दुभत्या गाईंची शेती आहे, तिथे त्यांनी 1970 मध्ये हा महोत्सव केला, तेव्हा तिकीट एक पौंड होतं आणि त्यात शेतावरचं दूध फुकट. आता तिथे दोन लाखांहून जास्त माणसं जमतात. 1997 पासून बीबीसी तो दाखवतेय, त्यामुळे तिथल्या कितीतरी घरांत जून अखेरचा तो शनिवार-रविवार टीव्हीसमोर जातो, पावसात चिखल तुडवण्यापेक्षा घरीच बरं म्हणणारे तिथेही खूप. अजून एक, दर काही वर्षांनी ते शेताला विश्रांती देतात, 2018 मध्ये दिली आणि 2026 हे पण विश्रांतीचं वर्ष, तेव्हा त्या वर्षी मुलगा कुठे दुसरीकडे जात असेल तर आधी विचारून घ्या.

तुम्हाला परदेशी महोत्सव लाइव्हच बघायचा असेल तर कॅलिफोर्नियाचा कोचेला बघा. एप्रिलमध्ये असतो, युट्यूबवर उघड आणि फुकट दाखवतात, आणि त्यांची रात्र म्हणजे आपली सकाळ, तिथे रात्रीचे दहा तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेदहा, म्हणजे जागरण नाही काही नाही. 2023 मध्ये दिलजीत दोसांझही तिथे गायला होता.

प्रश्न (म्हापसा) : पंचावन्न इंची टीव्ही घेतला, चित्र सुंदर, पण गाणं लावलं की तानपुरा डासासारखा वाजतो आणि तबल्याचा बाया (डग्गा) ऐकूच येत नाही. दुकानदार म्हणतो अजून मोठा टीव्ही घ्या.

टीव्ही मोठा घेऊन काही होणार नाही, पैसे जपून ठेवा. टीव्ही जितका पातळ तितके त्यातले स्पीकर छोटे, आणि बहुतेक टीव्हींत ते खालच्या बाजूला नाहीतर मागे भिंतीकडे तोंड करून असतात. एवढ्याशा स्पीकरमधून खालचे सूर निघतच नाहीत, म्हणून बाया जातो, तानपुऱ्याचा खर्ज जातो, आणि खर्ज गेला की वरचा सूर पण पोरका वाटतो. शास्त्रीय संगीतात आधी आवाज आणि मग चित्र, हे मनाशी पक्कं करा, मी तर म्हणेन बत्तीस इंची टीव्ही आणि बरे स्पीकर हा सौदा पंचावन्न इंची टीव्हीपेक्षा कितीतरी चांगला.

आधी फुकटातले उपाय करा. सेटिंगमध्ये जाऊन साउंड मोड बघा, "क्लिअर व्हॉइस" किंवा "डायलॉग" असं काही चालू असेल तर ते बंद करा, ते बातम्यांसाठी असतं आणि खालचा आवाज कापतं. "ऑटो व्हॉल्यूम" नावाची गोष्ट तर पहिल्यांदा बंद करा, ती हळू आवाज मोठा करते आणि मोठा आवाज दाबते, म्हणजे गवयाने कुजबुजल्यासारखा घेतलेला मंद्र षड्ज आणि तार सप्तकातली तान दोन्ही एकाच पातळीवर आणून ठेवते, सगळी मेहनत वाया. सराउंड, थ्रीडी वगैरे बंद, साधा स्टिरिओ ठेवा.

मग घरात जुना म्युझिक सिस्टीम पडलाय का ते शोधा. गोव्यात निम्म्या घरांत कुणीतरी गल्फमधून आणलेला असतोच माळ्यावर, त्याला टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून वायर जोडली की झालं. टीव्हीला ते भोक नसेल तर ऑप्टिकल आउटपुट असतं, त्यासाठी छोटी कन्व्हर्टरची डबी मिळते, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विचारा. नवीनच घ्यायचं तर सबवूफरवाला साउंडबार घ्या आणि टीव्हीच्या ज्या एचडीएमआयच्या भोकावर एआरसी लिहिलंय त्यातच लावा, दुसऱ्यात लावला तर आवाज येत नाही आणि लोक बार खराब म्हणून परत करतात. ब्लूटूथने जोडलं तर आवाज किंचित उशिरा पोचतो, तबलजीचा हात पडतो आणि बोल मागून येतो असं दिसलं तर कारण तेच, वायर वापरा.

आणि खोली बघा. आपल्या जुन्या घरातल्या सालात (दिवाणखान्यात) खाली गुळगुळीत लाद्या, वर उंच छप्पर, चारी भिंती उघड्या, आवाज सगळीकडून आपटून परत येतो. खाली जाड चटई नाहीतर गालिचा टाका, खिडकीला जाड पडदा लावा, स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवा. एवढ्याने फरक पडतो का म्हणाल तर एकदा हात लावून बघा, टाळी वाजवून बघा आधी आणि नंतर, तुमचं तुम्हाला कळेल.

प्रश्न (साखळी) : मी सत्तरी ओलांडलेली आजी. पाऊस आला की टीव्हीच्या छत्रीवरचं चित्र जातं आणि कार्यक्रम अर्धा राहतो. आणि ते दक्षिणेत सगळे मिळून गातात तो कार्यक्रम टीव्हीवर केव्हा लागतो?

आजी, नमस्कार. डीटीएच छत्रीचा सिग्नल ज्या लहरींवर येतो त्या पावसाच्या मोठ्या थेंबांत शोषल्या जातात, म्हणून मुसळधार पाऊस आला की कुणाचंही चित्र थोडा वेळ जाणारच. पण रिमझिम पावसातही जात असेल तर छत्रीची दिशा किंचित हललेली असते, उन्हाळ्यात ते कळत नाही कारण तेव्हा जेमतेम भागतं. मे महिन्यातच नातवाला सांगून माणूस बोलवा, दिशा बघून घ्या, आणि छत्रीच्या तोंडाशी वायर जोडलेली असते तो जोड उघडून बघायला सांगा, आपल्या दमट हवेत तो गंजतो. केबलवाल्याकडे मोठी छत्री असते आणि ती बऱ्याचदा वेगळ्या लहरींवर चालते, त्याला पाऊस कमी सोसावा लागतो, म्हणून शेजारच्या केबलवर चित्र असतं आणि तुमच्याकडे नसतं.

तुम्ही म्हणता तो कार्यक्रम म्हणजे तामिळनाडूतल्या तिरुवैयारूची त्यागराज आराधना. कावेरीच्या काठी कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांची समाधी आहे, ते 1847 मध्ये गेले, तिथीला शेकडो गायक-वादक समोरासमोर जमिनीवर बसतात आणि त्यांच्या पाच पंचरत्न कृती एकसाथ गातात, नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री अशा पाच रागांत. कोण मोठा कोण लहान काही नाही, एका ओळीत सगळे. आकाशवाणी आणि दूरदर्शन ते थेट दाखवतात. तुमच्या कॅलेंडरवर पौष वद्य पंचमी बघा, बहुतेक जानेवारीत येते, सकाळी देवपूजा लवकर उरकून बसा. जानेवारी म्हणजे पावसाची भीती नाही. आणि आपल्याला जवळचं वाटावं असं एक, त्यागराज तंजावरजवळच्या तिरुवैयारूचे आणि तेव्हा तिथे राज्य भोसल्यांचं होतं, त्यांच्या आयुष्याचा बराच काळ सरफोजी राजांच्या कारकिर्दीत गेला, राजाने दरबारात बोलावलं तरी ते गेले नाहीत अशी कथा सांगतात. भाषा तेलुगू आहे, पहिली कृती तेवढी संस्कृतात, कळली नाही तरी हरकत नाही, "राम" शब्द ठिकठिकाणी कानावर पडेल.

प्रश्न (शिवोली) : आमच्याकडे उलटं आहे. डिसेंबरात जवळपास कुठे ना कुठे म्युझिक फेस्टिवल असतो, टीव्ही न लावताच नुसता धाडधाड बेस घरात येतो, सुनेचं बाळ दचकून उठतं. गाणं ऐकू येत नाही, फक्त दणके का येतात?

कारण वरचे सूर झाडं, भिंती, हवा यांत विरतात आणि खालचे सूर लांबवर जातात, भिंतीतूनही आत शिरतात. खिडकी बंद करून फार उपयोग होत नाही तो म्हणूनच. हा त्रास खरा आहे आणि तो तुम्ही सोसायलाच हवा असं मुळीच नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर चालत नाही, सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सणासमारंभाला रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं, त्यापुढे नाही. राहत्या वस्तीत मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. दहा वाजून गेल्यावरही चालू असेल तर 112 ला फोन करा, वेळ लिहून ठेवा, फोनवर रेकॉर्ड करा, आणि एकट्याने न करता वाड्यावरच्या चार घरांनी मिळून पंचायतीत लेखी अर्ज द्या. संगीत आवडणाऱ्या माणसांनीच हे करायला हवं असं मला मनापासून वाटतं, बाळाची झोप मोडून होणाऱ्या गाण्याची बाजू कुणी घेऊ नये.

प्रश्न (डिचोली) : मुलगी बारा वर्षांची, तबला शिकते. टीव्हीवरचे महोत्सव बघून तिला काही फायदा होईल का, की गुरुजी रागावतील?

गुरुजींना विचारूनच करा, पण फायदा होतो. सभागृहात दहाव्या रांगेतून हात दिसतच नाहीत, टीव्हीवर बाया दाबणारं मनगट, चाटीवर पडणारं बोट इतकं जवळून दिसतं की मागच्या पिढीतल्या मुलांना ते कधी मिळालं नाही. गोव्याचे तबलावादक खाप्रुमामा पर्वतकर यांच्या लयीच्या गोष्टी आपण ऐकत मोठे झालो, हाताने एक ताल, पायाने दुसरा, पण ते बघायला मिळालं असतं तर! झाकीरभाई डिसेंबर 2024 मध्ये गेले पण त्यांचे हात आपल्याला आज हवे तितक्या वेळा बघता येतात.

पहिल्यांदा तिला काही बघायलाच देऊ नका, तोंड फिरवून बसवा आणि हातावर मात्रा मोजत सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, पकडायला सांगा. सम तीनदा सलग बरोबर आली की मग चित्र. युट्यूबवर असेल तर स्पीड अर्धा करून एखादा कायदा (तबल्याची ठरलेली बोलरचना) बघता येतो, सूर तसाच राहतो फक्त लय निम्मी होते. कॅमेरा नेमका सम येताना प्रेक्षकांतल्या पाहुण्यांकडे वळतो, हा दोष फार ठिकाणी आहे आणि मला त्याचा खरंच राग येतो, कॅमेरा चालवणाऱ्याला ताल शिकवायला पाहिजे. आणि तिने स्वतःहून वाजवायला सुरुवात केली की टीव्ही बंद करा, तिथून पुढे गुरुजींचं काम.

प्रश्न (शिरोडा) : वाड्यावरच्या देवळाच्या मंडपात प्रोजेक्टर लावून सगळ्यांना महोत्सव दाखवायचा विचार आहे. चालेल का? नेट कितीचं लागेल?

विचार फार चांगला. घरी नातेवाईक बोलावून बघणं वेगळं आणि मंडपात गावाला दाखवणं वेगळं, तिकीट नसलं तरी ते जाहीर प्रक्षेपण होतं, म्हणून महोत्सवाच्या आयोजकांना आधी लिहून परवानगी घ्या. देवळाच्या कमिटीची आणि लाउडस्पीकरची परवानगी वेगळी, आणि दहाच्या आत संपवायचं.

नेटचं म्हणाल तर चांगल्या एचडी चित्राला पाच एमबीपीएस सतत मिळायला हवा, तासाला सव्वादोन जीबीच्या आसपास डेटा जातो. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर अवलंबून राहू नका, मंडपात शंभर लोक आले की सगळ्यांचे फोन त्याच टॉवरवर, स्पीड पडतो. जवळच्या घरातल्या फायबरच्या राउटरमधून लांब केबल ओढून आणा, राउटरला छोटा यूपीएस लावा, म्हणजे वीज गेली तरी निदान नेट तुटत नाही आणि जनरेटर लागेपर्यंत सगळं परत पहिल्यापासून जोडत बसावं लागत नाही. प्रोजेक्टरमधला स्पीकर वापरूच नका, भजनाच्या साउंडवाल्याला बोलवा, त्याला सांगा की इको अजिबात नको. पैसे भरून बघायचा ऑनलाइन कार्यक्रम असेल तर लोक यायच्या तासभर आधी लॉगिन करून ठेवा. ग्लास्टनबरीवाल्यांनीच मे 2021 मध्ये पैसे घेऊन कार्यक्रम ऑनलाइन दाखवला तेव्हा कित्येकांचे कोड चालले नाहीत आणि शेवटी सगळ्यांसाठी मोकळी लिंक द्यावी लागली, एवढ्या मोठ्या लोकांचं होतं तर आपलंही होऊ शकतं.

परवानगीचं पत्र मात्र आजच पाठवा, महोत्सवाच्या तोंडावर आयोजकांकडून उत्तर येत नाही.